शब्दचर्चा: इमारतीच्या ‘एन्व्हलप कमिशनिंग’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (पुणे)

मंडळी, आमच्या वाचनालयाची नवी इमारत बांधायला घेतली आहे. आर्किटेक्टकडून आलेल्या कागदांत ‘बिल्डिंग एन्व्हलप कमिशनिंग’ असं एक आख्खं प्रकरण आहे. विश्वस्तांसाठी त्याचं मराठी टिपण मी करतोय. पहिल्या मसुद्यात ‘बाह्य आवरणाचे कार्यान्वयन’ असं लिहिलं, तर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारलं, “भिंत कार्यान्वित कशी करतात?” प्रश्न अगदी रास्त होता. ‘कमिशनिंग’ तसंच ठेवावं तर मराठी कानाला आधी दलाली ऐकू येते.

छप्पर, बाहेरच्या भिंती, खिडक्या-दारं, जमिनीखालच्या भिंती, म्हणजे आतलं आणि बाहेरचं वेगळं करणारं जे जे काही आहे, ते पाणी, वारा, उष्णता आणि दमटपणा हवा तसा थोपवतं की नाही, हे पाहायचं. तेही इमारत पुरी झाल्यावर नव्हे, तर नकाशे कागदावर असल्यापासून. याला शब्द सुचवा.

मुंबई

हा शब्द आला जहाजांकडून. युद्धनौका सेवेत घेतात ते कमिशनिंग, आणि तिथे मराठी वर्तमानपत्रांनी ‘नौदलात दाखल’ हा चांगला प्रयोग रुळवला आहे (‘विक्रांत’ 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत दाखल झाली तेव्हा सगळीकडे हेच छापलं होतं). पुढे पंप, लिफ्ट, एसीचा प्लांट यांना तो चिकटला. आम्ही साइटवर ‘टेस्टिंग-कमिशनिंग’ एका दमात म्हणतो. अर्थ एवढाच, की यंत्र चालू करून, चालतंय हे दाखवून मालकाच्या हवाली करणं. तिथे ‘कार्यान्वयन’ चालून जातं.

भिंतीपर्यंत तो फार उशिरा पोचला. अमेरिकेत यासाठीची तांत्रिक मार्गदर्शिका 2006 मध्ये निघाली आणि एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक, ई 2813, 2012 मध्ये. दोन्हींच्या नावात ‘एन्व्हलप’ नाही, ‘एन्क्लोजर’ आहे. प्लांट बंद करून पुन्हा चालू करता येतो. भिंत मात्र रचली त्या दिवसापासून कामावर असते, म्हणून कार्यान्वयन खटकतं.

रत्नागिरी

आमच्याकडे यासाठी शब्द आहे: शाकारणी. मिरगाच्या आधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे-रीपा ठोकून बघायच्या, पुन्हा कौलं नीट बसवायची. पहिल्या झडीत पाणी आत आलं नाही म्हणजे शाकारणी चांगली झाली. माझे आजोबा पाऊस सुरू झाला की माळ्यावर कंदील घेऊन बसत, थेंब कुठून येतो ते बघायला. ते काय दुसरं होतं?

पुणे

काका, शब्द फार आवडला, पण शाकारणी जुन्या घराची आणि दरवर्षीची. इथे घर अजून उभंच नाही. शिवाय ती छपराची, आणि आमच्या कागदातली निम्मी पानं खिडकी आणि भिंत यांच्यामधल्या सांध्याबद्दल आहेत. ‘पहिल्या पावसाआधी’ ही कल्पना मात्र मी टिपणात घेणार.

नागपूर

निवृत्त शिक्षिका आहे, म्हणून दोन्ही शब्द वेगवेगळे बघते.

आधी एन्व्हलप. ‘लिफाफा’, ‘पाकीट’ बाद. ‘वेष्टन’ काढून टाकता येतं, म्हणून ते पुस्तकाला आणि पार्सलला शोभतं. ‘दर्शनी भाग’ म्हणजे फक्त समोरची बाजू, त्यात गच्चीही नाही आणि तळघरही नाही. ‘कवच’ देखणा शब्द आहे, पण त्यात नुसता बचाव येतो. खिडकीतून उजेड आणि वारा आत घ्यायचाही असतो. ‘एन्क्लोजर’वरून कुणी ‘बंदिस्ती’ सुचवेल, पण शेतकऱ्याला ती बांधबंदिस्ती वाटेल. उरतं ते ‘आवरण’. पर्यावरण, वातावरण या शब्दांत ते आहेच. गिलावा किंवा रंग असा अर्थ कुणी घेऊ नये म्हणून ‘बाह्यावरण’ असा जोडशब्द करून एकदा व्याख्या द्यावी.

आता कमिशनिंग. तपासणी म्हणजे नुसतं बघणं. चाचणी ही त्यातली एक पायरी. माझा शब्द आहे पडताळा. शाळेत समीकरण सोडवल्यावर आम्ही मुलांना सांगायचो, पडताळा घ्या. आलेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का बघा. मूळ समीकरण वहीत लिहिलेलंच नसेल तर पडताळा कशाशी घेणार? तुमच्या इमारतीला काय हवं आहे, ते आधी लिहिलेलं असलं पाहिजे.

पुणे

बाई, तुम्ही नेमकं त्यावरच बोट ठेवलंत. त्या प्रकरणाचं पहिलं कलम तेच आहे: मालकाच्या अपेक्षा लेखी नोंदवा. पुढचं सगळं, नकाशे वाचणं, भिंतीचा नमुना-तुकडा बांधून तपासणं, जागेवरच्या चाचण्या, ताबा घेतल्यानंतरची फेरी, हे त्या नोंदीशी ताडून बघायचं आहे.

व्हँकुव्हर (कॅनडा)

‘पडताळा’ला माझंही मत. इथे 1980 आणि 90 च्या दशकांत बांधलेल्या सदनिकांच्या इमारती मोठ्या संख्येने आतून कुजल्या. लाकडी सांगाडा, वरून स्टकोचा घट्ट गिलावा, छपराला वळचण जवळजवळ नाही. सांध्यातून शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. रहिवाशांचे अतोनात हाल झाले. अखेर इथल्या प्रांताच्या (ब्रिटिश कोलंबिया) सरकारने 1998 मध्ये माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांचा चौकशी आयोग नेमला. तोही इंग्रजीत ‘कमिशन’च! त्यानंतरच्या कायद्याने नव्या घरांना 2-5-10 ची हमी मिळते: मजुरी-साहित्याची 2 वर्षं, पाणी शिरण्याविरुद्ध एन्व्हलपची 5, सांगाड्याची 10. म्हणजे ‘एन्व्हलप’ इथे कायद्यातला शब्द झाला. म्हणून व्याख्या नक्की द्या. भांडणाच्या वेळी तीच उपयोगी पडते.

सांगली

इथे एक फरक स्पष्ट लिहा. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे पडताळा नव्हे. ते इमारत मंजूर नकाशा आणि नियमांप्रमाणे आहे, वापरायला हरकत नाही, एवढं सांगतं. खिडकीच्या सांध्यातून पाणी येतं का, ते त्यात कुणी बघितलेलं नसतं. आमच्या सोसायटीत प्रमाणपत्र मेमध्ये मिळालं आणि जुलैत पश्चिमेच्या सगळ्या बेडरूमना ओल आली. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांतले दोष विकासकाने दुरुस्त करून द्यायचे असतात, पण नवी भिंत फोडून राहणं फार त्रासाचं असतं.

मुंबई

ओल, गळती हे शब्दही सैल वापरू नका. मराठीत यांची फार बारीक वाटणी आहे आणि ती तांत्रिक कामाला जशीच्या तशी उपयोगी आहे. छपरातून थेंब पडतात ते *गळणं*, कारण बहुधा वरचं भोक. भिंतीच्या आतून हळूहळू येतं ते *झिरपणं*, तिथे सांधा किंवा तडा शोधा. ओल *चढते* ती जमिनीतून, खालून वर. तिथे *लोणा* लागतो आणि पोपडे सुटतात. आणि पाणी कुठूनच आलेलं नसताना थंड भिंतीवर दव धरतं तो भिंतीचा *घाम*. त्यावर बाहेरून कितीही वॉटरप्रूफिंग करा, उपयोग नाही, दोष उष्णतारोधनाचा किंवा हवेच्या गळतीचा असतो. रहिवाशाने यातलं नेमकं क्रियापद वापरलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

पुणे

सर्वांचे मनापासून आभार. ‘बाह्यावरणाचा पडताळा’ नक्की केलं. चाचणीचं कलम असं लिहिलंय, चूक असेल तर सांगा:

“खिडकी व भिंतीमधील न उघडणाऱ्या सांध्यांवर 1 फूट अंतरावरून ठराविक तोटीने, 30 ते 35 पौंड प्रति चौरस इंच दाबाने पाणी मारावे, दर 5 फूट लांबीला 5 मिनिटे. सुरुवात खालून करून वर जावे, म्हणजे पाणी नेमके कोणत्या सांध्यातून आत आले ते कळेल. गच्चीवर कोबा करण्यापूर्वी आणि नंतर पाणी भरून ठेवून खालचा स्लॅब पाहावा. झड लागते त्या पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंचा पडताळा आधी घ्यावा.”

नागपूर

शेवटच्या वाक्यातली ‘झड’ बदला. आमच्या विदर्भात झड म्हणजे दोन-दोन, तीन-तीन दिवस न थांबणारी रिपरिप. तुम्हाला अभिप्रेत आहे तो वाऱ्याने तिरपा होऊन आत येणारा पाऊस. मजकूर लिहिणारा पुण्याचा आणि ठेकेदार नागपूरचा असेल तर गोंधळ होईल.

रत्नागिरी

बाई म्हणतात ते बरोबर. ‘वाऱ्याबरोबर येणारा तिरपा पाऊस’ असं सरळ लिहा.