आईच्या तोंडाला खूप वास येतोय, सगळं करून झालं. मदत हवी आहे

वैतागलेली_लेक
सरळ मुद्द्यावर येते. आई (६८) दिवाळीपासून माझ्याकडे डोंबिवलीला आहे. तिच्या तोंडाला वास येतो. थोडाथोडका नाही, शेजारी बसून चहा घेतानाही जाणवतो. दोन वेळा ब्रश, जीभ घासणं, लवंग, वेलची, बडीशेप, माउथवॉश, सगळं चालू आहे. काडीचा फरक नाही. परवा माझा मुलगा (६) पाहुण्यांसमोर म्हणाला, "मी आजीजवळ नाही झोपणार, वास येतो." आई काही बोलली नाही. तेव्हापासून बोलताना पदर तोंडाशी धरते.
पोटाची तक्रार नाही, शुगर नाही. चांगलं माउथवॉश किंवा गोळी सुचवा. "डॉक्टरला दाखवा" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, तेवढं मलाही कळतं.

एरंडेल_काका
पोट साफ होत नसणार. त्यांना विचारून बघा, या वयात बायका सांगत नाहीत. रात्री कोमट दुधातून दोन चमचे एरंडेल, आठ दिवस. आमच्या आजोबांनी ९१ वर्षांपर्यंत घेतलं.

वैतागलेली_लेक
काका, पोटाची तक्रार नाही असं वर लिहिलंय.

टॉन्सिलग्रस्त
टॉन्सिल बघितलेत का? मला चार वर्षं हाच त्रास होता. घशात टॉर्च मारून बघा, कडेच्या खाचांत तांदळाच्या कणीएवढे पांढरे-पिवळे खडे दिसतील. मी एकदा एक खडा निघाल्यावर बोटांत चुरडून बघितला. तो वास दोन दिवस हाताला होता. मिठाच्या पाण्याच्या जोरात गुळण्या करायला लागलो, तेव्हापासून बराच सुखी आहे. शंभर टक्के टॉन्सिल.

दंतू
माझा दातांचा दवाखाना आहे, म्हणून आधी थोडी माहिती द्या, मग उत्तर देते.
दात स्वतःचे आहेत की ब्रिज, कवळी वगैरे आहे? माउथवॉश कुठलं आणि किती दिवस? रोजच्या गोळ्या कोणत्या? तोंडाला कोरड पडते का? वास सडक्या अंड्यासारखा आहे की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा?

वैतागलेली_लेक
दात चांगले आहेत, एकही किडलेला नाही. माउथवॉश ते गुलाबी असतं ते, केमिस्टने दिलं. गोळी बीपीची एक. वास कसा ते कसं सांगू, घाण वास आहे. इतकी चौकशी का? नाव सुचवा ना.

ओसरीवर
मशेरी लावतात का? आमच्या भागात निम्म्या आज्यांचं उत्तर तिथेच असतं.

वैतागलेली_लेक
माझी आई ३१ वर्षं शाळेत शिक्षिका होती. मशेरी काय लावेल!

ओसरीवर
माझी आई मुख्याध्यापिका होती. डबी देव्हाऱ्यामागे असायची. विचारलं म्हणून रागावू नका.

तिळतेल
माउथवॉश म्हणजे नुसतं रसायन. सकाळी अनशापोटी तिळाचं तेल तोंडात धरा, दहा मिनिटं, मग थुंकून टाका. याला गंडूष म्हणतात. वर त्रिफळ्याच्या काढ्याच्या गुळण्या. महिन्यात तोंड फुलासारखं होतं. हल्लीच्या डॉक्टरांना हे शिकवत नाहीत.

दंतू
तेल धरा, माझी ना नाही. पण आधी वास येतो कुठून ते बघू या. दहातल्या आठ-नऊ जणांत तो तोंडातूनच येतो, पोटातून क्वचित. जिभेच्या पार मागच्या भागावर, हिरड्यांच्या फटीत, जिथे लाळ आणि हवा पोचत नाही तिथे जिवाणू अन्नाचे आणि मेलेल्या पेशींचे कण कुजवतात. त्यातून गंधकाचे वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे तोच सडक्या अंड्याचा वास. दिवसभर हे सगळं धुऊन नेते ती लाळ, म्हणून कोरड पडते का विचारलं. सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो, कारण झोपेत लाळ अगदी कमी सुटते.

एरंडेल_काका
पोटातून क्वचित? मग लसूण खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत वास का येतो? दात तर घासलेले असतात.

दंतू
काका, कारण लसणातला गंधकाचा एक पदार्थ रक्तात मिसळतो आणि फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर पडतो. दात घासून त्याचं काय होणार? पोट साफ करूनही नाही होणार.

जुनी_कात्रणं
थोडं अवांतर. 'हॅलिटोसिस' (म्हणजे तोंडाची दुर्गंधी) हा जड शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो जाहिरातींनी. लिस्टरिन १८७९ साली निघालं ते शस्त्रक्रियेसाठीचं जंतुनाशक म्हणून. १९२० च्या दशकात अमेरिकेत त्यांनी "तुमचं लग्न जमत नाही, कारण तुमच्या तोंडाला वास येतो आणि तुम्हाला कोणी सांगत नाही" अशा धर्तीच्या जाहिराती सुरू केल्या आणि खप कुठल्या कुठे गेला. आधी भीती विका, मग बाटली.

मोत्याचीआई
आमच्या मोत्याच्या (लॅब्रॅडॉर, ९ वर्षं) तोंडालाही भयंकर वास येतो. माणसांची टूथपेस्ट चालते का?

दंतू
नाही, चालत नाही. कुत्रे पेस्ट गिळतात आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य असतं, ते त्यांना विषारी आहे. प्राण्यांच्या डॉक्टरकडे वेगळी पेस्ट मिळते. आता आपण आईंकडे वळू का?

वैतागलेली_लेक
आईशी बोलले. कोरड पडते म्हणाली. रात्री उशाशी तांब्या घेऊन झोपते, तीन-चारदा उठून घोट घोट पाणी पिते. मला वाटलं उकाड्यामुळे.

टॉन्सिलग्रस्त
रात्री पाणी? मग शुगरच! आजच तपासा.

वैतागलेली_लेक
शुगर गेल्या महिन्यात केलीय, नॉर्मल आहे. आणि तुम्ही तर शंभर टक्के टॉन्सिल म्हणाला होतात.

दंतू
कोरड बीपीच्या काही गोळ्यांनीही पडते. दुसरं काहीच चालू नाही? झोपेची, सर्दीची, सायटिकाची, मुंग्यांची गोळी? "औषध" वाटत नाही अशी एखादी असतेच.

वैतागलेली_लेक
हां, दसऱ्याच्या आधी नागीण झाली होती. ती बरी झाली, पण पाठीला अजून आग होते म्हणून रात्रीची एक छोटीशी गोळी आहे, अमिट्रिप्टिलीन १०. ती मी धरली नव्हती, नागीण तर संपली ना.

दंतू
ही घ्या पहिली गोष्ट. कोरड हा त्या गोळीचा अगदी ठरलेला परिणाम. परस्पर बंद करू नका, ज्यांनी दिलीय त्यांना विचारा. आता माउथवॉश. बाटलीवर क्लोरहेक्सिडिन लिहिलंय का? कधीपासून?

वैतागलेली_लेक
हो, तेच. पाडव्यापासून, म्हणजे दोन महिने होतील. दात मध्येच तपकिरी दिसायला लागलेत म्हणून मी तिचा चहा निम्मा केला. जेवणही बेचव लागतं म्हणते, आमटीत मीठच नाही म्हणते रोज.

दंतू
चहा परत द्या हो बिचारीला. डाग आणि बेचव दोन्ही त्या माउथवॉशची देणगी असणार. ते साधारण दोन आठवड्यांसाठी असतं, तेही सांगितलं असेल तर. डाग वरवरचे असतात, दवाखान्यात साफ होतात.
आणि माझा पहिला प्रश्न तसाच राहिलाय. दात "चांगले आहेत" म्हणालात. सगळे तिचे स्वतःचे?

तिळतेल
बघा, रसायनाने दात काळे. मी काय म्हणत होतो.

वैतागलेली_लेक
वरचे तीन नाहीत. तारेची कवळी आहे, टाळ्याला प्लेट बसते ती. तीन वर्षं झाली, काही त्रास नाही. कवळीला कीड थोडीच लागते, म्हणून लिहिलं नव्हतं.

दंतू
रात्री काढते?

वैतागलेली_लेक
आत्ता विचारून आले. नाही काढत. बाबा गेल्यापासून काढायची, पण इथे आल्यापासून नाही, कारण नातू शेजारी झोपतो. "त्याने मला बोळकी बघितली असती" म्हणाली. सकाळी बाथरूमचं दार लावून पेस्टने घासते आणि लगेच घालते. मला हे काहीच माहीत नव्हतं.

ओसरीवर
ताई, सापडलं तुमचं.

दंतू
टाळा आणि प्लेट यांच्यामध्ये चोवीस तास लाळ फिरत नाही, त्यात तोंड आधीच कोरडं. तिथे बुरशी धरते. प्लेट काढायला लावून टाळा बघा, प्लेटच्या आकाराचा लाल चट्टा आहे का. दुखतच असं नाही, म्हणून कळत नाही.
आजपासून रात्री कवळी बाहेर, साध्या पाण्यात. उकळतं पाणी नको, वाकते. पेस्टने घासू नका, पेस्टच्या खरखरीने बारीक ओरखडे पडतात आणि घाण त्यातच बसते. साधा साबण आणि वेगळा मऊ ब्रश घ्या. तारा जिथे अडकतात ते तिचे स्वतःचे दात नीट घासायचे. जीभ बहुतेक टोकाकडे घासत असेल, मागपर्यंत जायला सांगा, उमासा येतो तिथपर्यंत. आणि टाळा लाल असेल तर दाखवावंच लागेल. तुम्ही लिहू नका म्हणाला होतात, तरी लिहिते.

तिळतेल
कवळीसुद्धा तिळाच्या तेलात ठेवता येईल.

दंतू
नको.

वैतागलेली_लेक (नऊ दिवसांनी)
टाळा लाल होता, अगदी प्लेटच्या आकाराचा. डेंटिस्टने बुरशीवरचं जेल दिलंय, प्लेट एका बाजूला टोचत होती ती घासून दिली, डाग काढले. नागिणीच्या गोळीबद्दल न्यूरोवाले म्हणाले अजून महिनाभर लागेल, मग कमी करून बघू. गुलाबी बाटली बंद.
वास पुष्कळ कमी आहे. गेला असं नाही म्हणणार, सकाळी अजून असतो. कवळी रात्री श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असते. डबा आई टॉवेलखाली झाकून न्हाणीघरातल्या फळीवर ठेवते. पोरगा अजून आमच्याच खोलीत झोपतो, पण काल गोष्ट ऐकायला गेला होता. पदर अजून आहेच.

एरंडेल_काका
छान. तरी आठवड्यातून एकदा एरंडेल द्या.

ओसरीवर
डब्यावर खडूने काहीतरी खूण करा. आमच्याकडे मेहुण्यांनी श्रीखंड समजून उघडला होता.