झोप उडाली, तसा स्वभावही बदलला

प्रश्न (औसा, जि. लातूर): कृषिपंपाला रात्रीची वीज असल्याने हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मी दोन महिने जागलो, ते काम संपून चार महिने झाले, तरी रात्री २ वाजता उघडलेले डोळे पहाटेपर्यंत मिटत नाहीत. दिवसा धडधडते, घरच्यांवर चिडतो, हिशेबात चुका होतात. हे दुखणे मनाचे की शरीराचे?

उत्तर (नांदेड): दोन्हींचे. आठवड्यातून किमान ३ रात्री, असे ३ महिने चालले की त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. मूळ कारण सरल्यावरही तो टिकतो, कारण ‘आजही झोप लागणार नाही’ या धास्तीने शरीर सावध राहते आणि अंथरूण ही जणू जागण्याचीच जागा ठरते. झोप मोडत राहिल्यास एरवी रात्री उतरणारा रक्तदाब नीट उतरत नाही, म्हणून तो मोजून घ्यावा. उदासी वाढली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

उत्तर (बीड): आमच्या मामंजींनी झोपेसाठी दारू घेऊन पाहिली, डोळा लवकर लागे, पण उत्तररात्री हमखास मोडे. त्यापेक्षा सुमारे २० मिनिटांत झोप न आल्यास उठून ओसरीवर बसावे, पेंग आली की परतावे, मात्र उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. सायंकाळचा चहा (आपल्याकडे तो सुटणे कठीणच) बंद करावा, कारण त्यातील कॅफीन या उत्तेजक द्रव्याचा निम्मा अंश साधारण ५ तासांनंतरही शरीरात उरतो.

प्रश्नकर्ता: चहा रात्री ९ वाजताही होतो. रक्तदाब उद्याच तपासतो.