सल्ला हवा : सहकारनगरच्या जुन्या बंगल्याला मागच्या अंगणात ऑरेंजरी जोडावी का?

अंगणातली तुळस :

नमस्कार. सहकारनगरमधला आमचा बंगला माझ्या सासऱ्यांनी १९६८ साली बांधला. स्वयंपाकघराच्या मागे, दक्षिणेला, १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद असे शहाबादी फरशीचे मोकळे अंगण आहे. थंडीत सासूबाई तेथे खुर्ची टाकून ऊन खात बसतात. मात्र ऐंशी ओलांडल्यापासून वाऱ्याने त्यांचे कान दुखतात आणि ऊन सरकले की खुर्ची सरकवायला कोणीतरी लागते. गेल्या वर्षी आम्ही दोन महिने लीड्सला मुलीकडे होतो. तिच्या घराला जोडून ऑरेंजरी आहे, म्हणजे विटांचे जाडजूड खांब, त्यांच्यामध्ये उंच काचा, कडेने पक्के छप्पर आणि छपराच्या मधोमध काचेचा उंचवटा. बाहेर पाऊस आणि आत चहा असे दिवस तेथे गेले, तेव्हापासून ही खोली आमच्या डोक्यात बसली आहे.

परवा एका फॅब्रिकेटरने येऊन मापे घेतली आणि 'मॅडम, वरून सगळी काचच टाकू, एकदम फॉरेन लुक येईल' असे सांगून तो गेला. त्याच्या उत्साहानेच मी सावध झाले. पुण्याच्या उन्हात अशी खोली वापरता येते का, मागच्या चौदा इंची भिंतीत मोठे दार पाडणे सुरक्षित आहे का आणि परवानगी लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पश्चिमेला शेजाऱ्यांचे नारळाचे झाड आहे, तेही सांगून ठेवते.

निवृत्त ओव्हरसिअर :

ताई, सावध झालात हे बरे झाले. ऑरेंजरी ही मुळात संत्र्या-लिंबांची झाडे हिवाळ्यातल्या हिमापासून वाचवण्यासाठी युरोपात निघालेली इमारत आहे. व्हर्सायच्या राजवाड्याची ऑरेंजरी ज्यूल आर्दुआँ-मान्सार या वास्तुविशारदाने १६८४ ते १६८६ या काळात बांधली. तिच्या उंच कमानी दक्षिणेकडे तोंड करून आहेत आणि भिंती मीटरमध्ये मोजाव्यात इतक्या जाड आहेत. दिवसा आत शिरलेली ऊब रात्रभर टिकावी यासाठी तो सारा खटाटोप होता. उन्हाळ्यात तेथील झाडे लाकडी पेट्यांसकट बाहेर काढून ठेवतात. आपल्याकडे ऊब टिकवण्याचा प्रश्न वर्षातून फार तर दीड-दोन महिने येतो आणि उरलेले महिने तिला बाहेर घालवण्यात जातात.

लीड्समध्ये डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्याला तर बरोबर डोक्यावर येऊन आपली सावली पायाखाली घेतो. त्यामुळे तिकडे छपराला काच लावली तर चार किरण जास्तीचे मिळतात आणि इकडे तीच काच लावली तर खोलीचा तवा होतो. काचेतून ऊन आत येते, फरशी आणि भिंती तापतात, पण त्यांच्यातून निघणारी उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पडदा आतून लावून फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर ऊन घरात येऊन बसलेले असते. ते बाहेरच अडवावे लागते.

आपले नशीब असे की जागा दक्षिणेला आहे. दक्षिणेच्या उभ्या काचेवर दोन फुटांचा सज्जा काढला, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी त्याच्या खालची सुमारे सहा फूट काच सावलीत राहते, मे महिन्यात दुपारचे ऊन काचेला शिवतही नाही, आणि डिसेंबरात मात्र वरची सव्वादोन फूट सोडली तर खालून सगळे ऊन थेट सासूबाईंच्या पायांवर येते. एवढा हिशेब सूर्य स्वतः करून देतो, त्याला यंत्र लागत नाही. पश्चिमेला मात्र काच अजिबात नको. संध्याकाळचे ऊन तिरपे येते आणि सज्ज्याला जुमानत नाही. तेथे नऊ इंची विटांची भिंत घाला, हवी तर वरच्या अंगाला जाळी ठेवा. छप्पर पक्के करा. मधला उंचवटा हवाच असेल तर तीन फूट बाय पाच फुटांहून मोठा करू नका आणि त्याची उत्तरेची उभी बाजू उघडता येईल अशी ठेवा. तापलेली हवा वरून निघून गेली की दक्षिणेच्या खालच्या झडपांतून ताजी हवा आपोआप ओढली जाते.

बाणेरकर :

वरच्या प्रतिसादातील प्रत्येक वाक्य मी पैसे मोजून शिकलो आहे. आम्ही सहा वर्षांपूर्वी रो-हाउसच्या मागच्या जागेवर दहा मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे आत नळ्यांसारखी पोकळी असलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांचे, छप्पर टाकले. एप्रिलमध्ये सकाळी अकराला तेथे ठेवलेल्या तापमापकाने ४६ अंश दाखवले आणि आमची 'चहाची खोली' पापड वाळवण्याच्या कामी आली. (पापड उत्तम वाळले, हे कबूल केले पाहिजे.) पावसाळ्यात त्या पत्र्यांवर असा ताशा वाजे की फोनवर बोलताना घरात जावे लागे. तिसऱ्या वर्षी पत्रे पिवळे पडले, तेव्हा कळले की कारागिराने ते उलटे बसवले होते. या पत्र्याच्या एकाच बाजूला अतिनील किरण रोखणारा थर असतो आणि ती बाजू आकाशाकडे हवी. पत्र्यावर चिकटवलेल्या पातळ वेष्टनावर तसे छापलेलेही असते, परंतु ते वेष्टन आधीच काढून टाकलेले होते. टोके टेपने बंद न केल्यामुळे नळ्यांमध्ये शेवाळ धरले, ते वेगळेच.

सर्वांत जास्त त्रास मात्र जुनी भिंत आणि नवे छप्पर यांच्या सांध्याने दिला. तेथे फक्त सिलिकॉन भरले होते आणि ते दोन पावसाळे टिकले. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी भिंतीत सरळ आडवी खाच मारून घेतली, तिच्यात गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी घुसवून ती छपरावर सहा इंच वाकवली आणि वरून खाच बुजवली. त्यानंतर थेंब नाही. काम ठरवताना या पट्टीचा उल्लेख कोटेशनमध्ये लिहून घ्या. 'ते आम्ही करतोच' यावर जाऊ नका.

निवृत्त ओव्हरसिअर :

काचेबद्दल लिहायचे राहिले. डोक्यावरची काच नुसती टफन्ड नको, लॅमिनेटेडच हवी. टफन्ड काच मजबूत असते, पण फुटली की तिचा दाणा-दाणा होऊन खाली पडतो आणि क्वचित ती कारण नसतानाही फुटते. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये चिकट पापुद्रा असल्यामुळे फुटलेली काच जागेवर धरून राहते. शेजारी नारळ आहे म्हणता, तेव्हा झावळी पडणार हे धरूनच चाला. सहा अधिक सहा मिलिमीटरच्या काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे आपल्या उंचवट्याची काच सपाट धरली तरी सुमारे ४२ किलोची होईल. सांगाडा त्या हिशेबाने करा. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, म्हणून बिजागऱ्या आणि कड्यांच्या जागा कारखान्यात जाण्यापूर्वी ठरवा.

कोयरी :

लिंबाची झाडे त्या खोलीत ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. पुण्यात कागदी लिंबू उघड्यावर आनंदाने वाढते. आत ठेवले की पानांवर पाऊस पडत नाही, आणि मग पिठ्या ढेकूण व लाल कोळी ठाण मांडतात. त्याची कुंडी बाहेर पायरीपाशी ठेवा. आत नेचे आणि मनीप्लांट चालतील.

अंगणातली तुळस :

सर्वांचे मनापासून आभार. सर्व बाजूंनी काच हा विचार आता मागे पडला आहे. भिंतीबद्दल थोडे सविस्तर सांगाल का? घराला खांब-तुळया नाहीत, स्लॅब भिंतींवरच आहे. शिवाय अंगणाची फरशी काही ठिकाणी दरवर्षी उन्हाळ्यात खचते आणि पावसाळ्यात उचलली जाते, त्यामुळे नवे बांधकाम तेथे कसे टिकेल याची धास्ती वाटते.

निवृत्त ओव्हरसिअर :

फरशीचे हे वर-खाली होणे म्हणजे खाली काळी माती असल्याची खूण आहे. ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. फरशीवरच खोली उभी करू नका. आधी दोन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहा आणि पाया तेथपर्यंत न्या. इतके करूनही नवे बांधकाम आणि पन्नास वर्षे बसलेले जुने घर एकसारखे हलत नाहीत, म्हणून दोन्ही भिंती एकमेकींत दात घालून बांधू नका; मध्ये अर्धा-पाऊण इंचाची फट ठेवा, ती लवचीक पदार्थाने भरा आणि वर बाणेरकरांनी सांगितलेली पट्टी टाका. मिस्त्री म्हणेल की दात घातल्याने मजबुती येते. त्याला चहा पाजा, पण ऐकू नका.

दार पाडताना क्रम फार महत्त्वाचा आहे. स्लॅबला आधी खालून टेकू द्यायचे, मग दाराच्या माथ्यावर भिंतीच्या एका अंगाने खाच करून लोखंडी गर्डर बसवायचा, तो पक्का झाला की दुसऱ्या अंगाने दुसरा, आणि त्यानंतरच खालच्या विटा काढायच्या. आधी विटा आणि मग गर्डर असे काम मी पाहिले आहे. सुदैवाने त्या घरात फक्त भेग पडली. गर्डरचे माप स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या.

पन्हळीचाही विचार करा. विलायती ऑरेंजरीत ती बहुधा कठड्यामागे लपवलेली असते, आणि आपल्याकडे तशी केली तर ती पानांनी तुंबून पाणी आत येईल. छपराला बाहेरच्या बाजूला उतार देऊन पन्हळ उघडी, हात पोचेल अशी ठेवा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला तर आपल्या १७६ चौरस फुटांवरून ८२० लिटर पाणी उतरेल.

नकाशावाला :

परवानगीबद्दल लिहितो, कारण माझा रोजचा धंदाच तो आहे. छप्पर आणि भिंती आल्या की ते बांधकाम होते, मग ते काचेचे असो वा विटांचे. ते चटई क्षेत्रात, म्हणजे भूखंडावर जेवढे बांधायला परवानगी असते त्या क्षेत्रात, मोजले जाते आणि बंगल्याभोवती सोडायच्या सामासिक अंतरात येता कामा नये. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे आपल्या भूखंडावर किती क्षेत्र शिल्लक आहे, हे मंजूर नकाशा हातात घेऊन परवानाधारक वास्तुविशारदाकडून आधी तपासून घ्या. विनापरवाना काम केल्यास १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते, आणि ती बहुधा शेजाऱ्याच्या तक्रारीवरून येते. सहकारनगरच्या बऱ्याच भूखंडांप्रमाणे आपलाही सोसायटीचा असेल, तर सोसायटीचे ना-हरकत पत्र प्रथम घ्या. क्षेत्र शिल्लक नसेल तर खोलीचा आकार नकाशाच ठरवेल, काच नव्हे.

आणखी एक. आपल्या भागात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचे पाणी कोठवर आले होते, ते शेजाऱ्यांना विचारून घ्या आणि जोते त्याच्या वर घ्या.

अंगणातली तुळस :

त्या रात्री पाणी आमच्या मागच्या तिसऱ्या पायरीवर थांबले होते. सासूबाईंनी तेथे खडूने केलेली खूण नंतर मुलाने ऑइलपेंटने पक्की केली, ती अजून आहे. त्यामुळे जोत्याची उंची ठरली. मंजूर नकाशा सासऱ्यांच्या ट्रंकेत सापडला असून उद्या वास्तुविशारदांकडे नेत आहोत. दक्षिणेला काच, पश्चिमेला वीट, वर पक्के छप्पर आणि लहान उंचवटा असे कागदावर काढून सासूबाईंना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, 'म्हणजे पडवीच ना?'

बाणेरकर :

काकूंना नमस्कार सांगा. छप्पर झाल्यावर आतून रंग देण्यापूर्वी सांध्यावर बागेच्या नळीने अर्धा तास पाणी सोडून पाहा, आणि फॅब्रिकेटरचा शेवटचा हप्ता ते पाहिल्यानंतरच द्या.