निर्णय गावाच्या हाती कधी येणार?

प्रश्न (विटा): ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नमूद केले, पण आमच्या ग्रामसभेत तयार आराखडा वाचून दाखवला जातो, सह्यांचे रजिस्टर फिरते आणि सभा संपते. पाणी, वीज आणि रोजगाराचे निर्णय गावाला खरोखर घेता येतील का?

उत्तर (बलवडी परिसर): येतील. येरळा नदीवरचे बळीराजा स्मृती धरण पाहा. लोकांनी वाळूच्या विक्रीतून त्याचा खर्च उभा केला आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा दिला. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर माणसांच्या गरजेने वाटायचे, हे त्यांनी आधी ठरवले. माझ्या मते उसाला मुरड घातल्याशिवाय असे वाटप टिकत नाही.

उत्तर (पाटण): आमच्या तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम, म्हणजे सौरऊर्जेवर चालणारे गाव, ठरली. मात्र वांकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरत असताना खालच्या वाड्यांतील तरुण अजूनही मुंबईची वाट धरतात, हे मनाला लागते. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता, म्हणजे तो दुसरीकडे खर्च करता येत नव्हता. रोजगारासाठी हात मोकळा कुठे राहतो?

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पाणीवाटपाचा विषय पुढच्या ग्रामसभेसाठी लेखी देतो.