मदत हवी आहे: लिनक्सवर वायफाय डोंगल चालेना, उद्यापर्यंत हवंय

शेवंती
विंडोज १० ची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली आणि आमचा डेस्कटॉप ११ घेत नाही, म्हणून भावाने लिनक्स टाकून दिलं आणि तो पुण्याला परत गेला. डेस्कटॉपला वायफाय नाही, म्हणून यूएसबीचा डोंगल आणला. लावला की दिवा लागतो, पण वायफायची यादीच येत नाही. खोक्यावर लिनक्स चालतं असं छापलंय. दुसऱ्या पोर्टला लावून, बंद-चालू करून झालं. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म उद्या संध्याकाळपर्यंत भरायचाय. नेमकं काय करायचं ते कुणीतरी सांगा, पटकन.

खटपट्या
कुठलं लिनक्स, कुठली आवृत्ती? डोंगलमध्ये चिप कुठली? वरचं नाव उपयोगाचं नाही, एकाच नावाच्या डोंगलांत वेगवेगळ्या चिपा निघतात. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजी छोट्या अक्षरांत एलएसयूएसबी टाइप करा, जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते, आणि काय येतं ते इथे द्या.

वाईकर
ताई, फॉर्म महा-ई-सेवा केंद्रात जाऊन भरून टाका. शेवटच्या दिवशी साइट चालत नाहीत. डोंगल नंतर निवांत बघा.

शेवंती
फॉर्म कुठे भरायचा हे मी विचारलेलं नाही. सगळे दाखले स्कॅन करून याच मशीनवर ठेवलेत. लिनक्स म्हणजे मिंट. आणि नेटच नाही तर इथे देऊ कसं? मी मोबाइलवरून लिहितेय.

खटपट्या
स्क्रीनचा फोटो काढा आणि त्यात बघून लिहा. रिअलटेक किंवा मीडियाटेक असं काही असलेली ओळ पुरे.

उंबरठा
वायफायच्या नादी लागूच नका. २० मीटर लॅन केबल टाका, मिंटमध्ये लावल्या क्षणी चालते. माझ्या घरी ९ वर्षं एकच केबल आहे.

शेवंती
राउटर वरच्या मजल्यावर जाऊबाईंकडे आहे आणि जिना बाहेरून. केबल शक्य नाही.
ओळ अशी: ०बीडीए:१ए२बी, रिअलटेक, आणि पुढे ड्रायव्हर सीडीरॉम मोड. डोंगल लावल्यापासून डेस्कटॉपवर एका सीडीचं चित्रही येतंय, पण आत विंडोजचं सेटअप दिसलं म्हणून मी सोडून दिलं.

खटपट्या
ते चित्र आधी सांगायला हवं होतंत, तिथेच सगळं आहे! हा डोंगल लावल्यावर आधी सीडी म्हणून स्वतःची ओळख देतो. विंडोजवाल्यांना ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा शोधावा लागू नये म्हणून केलेली ती सोय. ती सीडी बाहेर काढली की तो वायफायचं रूप घेतो. चित्रावर राइट क्लिक करून इजेक्ट करा, १० सेकंद थांबा, परत एलएसयूएसबी द्या. नंबर बदलायला हवा. शिवाय युनेम, मोकळी जागा, वजा आर देऊन काय येतं तेही सांगा, म्हणजे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती कळेल.

जुनाजाणता
२००८ साली मी एनडीआयएसरॅपर वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवला होता. त्या सीडीतली आयएनएफ फाइल काढून तसंच करून बघा.

खटपट्या
काका, तो उपाय त्या काळी ठीक होता. आज या चिपसाठी ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. कृपया ताईंना त्या वाटेने नेऊ नका.

शेवंती
नंबर बदलला! ०बीडीए:सी८११. पण वायफाय अजून नाही. युनेमला ५.१५ ने सुरू होणारं काहीतरी येतं. मिंट २१.३.

टर्मिनलभाऊ
ही ८८११सीयू किंवा ८८२१सीयू चिप. गिटहब या साइटवरून ड्रायव्हरचा कोड उतरवून डीकेएमएस या साधनाने कंपाइल करा, १० मिनिटांचं काम. मी वर्षभर वापरतोय, वेगही चांगला मिळतो.

खटपट्या
कर्नलची मोठी अपडेट आली की बाहेरचा ड्रायव्हर कधी कंपाइल होतो, कधी अडतो. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरला डिजिटल सही लागते, मग रिस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर पासवर्ड द्यायचा. ताईंचा भाऊ पुण्यात आहे, हे सगळं त्यांच्या गळ्यात का घालायचं? या चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून आत आलाय आणि २१.३ ला ६.८ मिळतो.

टर्मिनलभाऊ
आणि तो कर्नल उतरवायला नेट कुठून आणणार?

खटपट्या
तुमच्या गिटहबलाही नेट लागतंच की. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करायचं. मिंट ते वायर्ड नेट म्हणून लगेच घेतं. शेवंतीताई, सगळ्यात आधी त्या नेटवर फॉर्म भरून टाका. मग अपडेट मॅनेजर उघडून व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स, त्यातला ६.८ टाका, रिस्टार्ट करा आणि सीडी परत इजेक्ट करा.

मोगराफुलला
अवांतर: मिंटवर मराठी टाइप करायला आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस टाकून इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा. शिकायला आठवडा लागतो, पण जोडाक्षरं नीट येतात.

सह्यकडा
पुढच्या वेळी एआर९२७१ चिपचा डोंगल घ्या. जुनी आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, पण फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) सुद्धा मुक्त आहे. माझ्याकडचे दोन्ही लावताक्षणी चालू झाले. घेण्याआधी चिप विचारा, ही सगळ्यांनाच विनंती.

शेवंती
काल रात्री टेदरिंगवर फॉर्म भरला, पावतीही निघाली. आज सकाळी ६.८ टाकला, सीडी काढली आणि जाऊबाईंचं वायफाय यादीत दिसलं! पण रिस्टार्ट केलं की परत सीडी येते. मुलगी सकाळी एकटी असते, तिने रोज हे करायचं का?

खटपट्या
नाही, कायमचं करता येतं. आधी यूएसबी मोडस्विच हे पॅकेज टाका. मग १ए२बी नंबर दिसला की ते आपोआप चालवणारा यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या भागाचा) नियम लागतो, एका ओळीची फाइल. ती व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवलीय, कुठे ठेवायची तेही आत लिहिलंय. जशीच्या तशी चिकटवा, एकही अवतरणचिन्ह बदलू नका.

शेवंती
केलं. तीनदा रिस्टार्ट करून बघितलं, तिन्ही वेळा आपोआप लागलं. खटपट्यादादा, खूप आभार. रागात लिहिलं असेल तर वाईकरदादा, मनावर घेऊ नका.

वाईकर
छे हो! पावतीची प्रिंट मात्र काढून ठेवा.

पाणवठा
माझ्याकडेही असाच डोंगल आहे, पण सीडी येत नाही आणि वायफायही नाही. काय करू?

खटपट्या
एलएसयूएसबी.