बाबांच्या 'गमती'वर हसायचं की टोकायचं?

धरमपेठेत मोमो खायला गेलो तर बाबांनी गाडीवरच्या मणिपुरी पोराला सगळ्यांसमोर 'ए चिंकी, चटणी दे' म्हटलं, मी टोकलं तर म्हणे एवढं काय लागून राहिलं तुले, आम्ही तर मित्राला काळ्याच म्हणत होतो. काय करू?

तर्रीवाले काका: काहून टोकतं बाप्पा, मन साफ असते मोठ्यांचं. आमच्या वेळी कोणी रडत नव्हतं.

बर्डीकर: रडत नव्हते का तुम्हाला दिसत नव्हते काका? दिल्लीत २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांवरून टिंगलच झाली होती, मग मारहाण, पोरगा गेला, तेव्हा कुठे ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला सरकारची बेझबरुआ समिती बसली.

सावळी सून: चारचौघात नको, घरी सांग. माझ्या सासूबाईंचे रंगावरचे जोक माझ्यावर चालूच होते, नात सावळी झाली तेव्हा बंद झाले.