दुर्गंधरोधक कापड: जिवाणूंची चाचणी आणि वासाची चाचणी यांत फरक काय?

प्रश्न (निट_इचलकरंजी):
नमस्कार. आम्ही खेळाच्या टी-शर्टांसाठी पॉलिएस्टरचे निट कापड तयार करतो. एका नव्या ऑर्डरसाठी प्रोसेस हाउसकडून कापडाला चांदीयुक्त फिनिश (कापडावर शेवटी देतात ती रासायनिक प्रक्रिया) लावून घेतले आणि आयएसओ २०७४३ या जिवाणूरोधक कापडांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाचणी करून घेतली. त्यात चाचणीतील दोन्ही जिवाणूंसाठी जिवाणूरोधक मूल्य ३ च्या वर आले. तरीही खरेदीदाराचे म्हणणे असे की, या अहवालावरून कापड जिवाणूरोधक आहे एवढेच सिद्ध होते आणि लेबलवर ‘दुर्गंध रोखते’ असे छापायचे असेल तर आयएसओ १७२९९ या वासाच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे, तेही २० धुलाईनंतरचा, अहवाल हवा. वास जिवाणूंमुळेच येतो, तर जिवाणू मेल्याचा पुरावा पुरेसा का मानला जात नाही? आणि प्रयोगशाळेला नमुना देताना नेमके काय सांगावे?

उत्तर १ (सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा):
खरेदीदाराचे म्हणणे योग्य आहे. मूल्य ३ म्हणजे नियंत्रण-कापडाच्या (तुलनेसाठी घेतलेल्या, फिनिश नसलेल्या कापडाच्या) तुलनेत जिवाणूंची संख्या हजारपटीने कमी, आणि हा निकाल निश्चितच उत्तम आहे. पण ती चाचणी स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि क्लेबसिएला न्यूमोनी या ठरावीक जिवाणूंवर होते. काखेतील वासाशी मुख्यतः कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस यांचा संबंध आहे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना व्यायामानंतरचे टी-शर्ट देण्यास सांगितले आणि ते २८ तास ठेवून तपासले, तेव्हा पॉलिएस्टरचा वास सुती कापडापेक्षा अधिक नकोसा ठरला आणि पॉलिएस्टरवर मायक्रोकॉकस जोमाने वाढलेले आढळले.

याहून महत्त्वाचा मुद्दा न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात आहे. काखेत वापरलेल्या कापडांपैकी पॉलिएस्टरचा वास सर्वांत तीव्र आणि लोकरीचा सर्वांत सौम्य होता, पण वासाची तीव्रता जिवाणूंच्या संख्येच्या प्रमाणात नव्हती. पॉलिएस्टर पाणी जेमतेम अर्धा टक्का धरते, पण त्वचेवरील तेलकट स्राव घट्ट धरून ठेवते आणि त्यात विरघळलेली वासाची द्रव्ये हळूहळू बाहेर पडत राहतात. शिवाय त्यांपैकी बराचसा वास त्वचेवरच तयार होऊन कापडात उतरतो. कापडावरची चांदी तो परत घेऊ शकत नाही.

उत्तर २ (रंगाई_रसायन):
आयएसओ १७२९९ मध्ये जिवाणू नसतातच. कापड वायू किती शोषते किंवा निष्प्रभ करते एवढेच मोजले जाते. डिटेक्टर ट्यूबच्या पद्धतीत १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा ५ लिटरच्या पिशवीत ठेवतात, तीत ठरावीक तीव्रतेचा ३ लिटर वायू भरतात आणि दोन तासांनी पिशवीतली हवा काचेच्या बारीक नळीतून ओढतात. नळीतल्या पावडरीचा रंग जिथपर्यंत बदलतो, तो आकडा वाचायचा. शेजारी तुकडा न ठेवलेली एक रिकामी पिशवी असते आणि घट तिच्या तुलनेत टक्क्यांत काढतात. घामाच्या वासासाठी अमोनिया, ॲसेटिक आम्ल आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल असे तीन वायू घेतात. त्यांतील तिसऱ्यासाठी नळीऐवजी गॅस क्रोमॅटोग्राफी (वायूतील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) वापरतात.

येथेच फसगत होते. तुलना रिकाम्या पिशवीशी असल्यामुळे कोणतेही फिनिश नसलेले सुती कापडदेखील थोडाफार अमोनिया शोषून काही टक्के घट दाखवते. रंगाईनंतर कापडात सायट्रिक आम्ल राहिले असेल तर अमोनियाचा निकाल भरघोस येतो, कारण तेथे साधी आम्ल-अल्कलीची प्रक्रिया होते. अल्कली राहिली असेल तर ॲसेटिक आम्लाचा निकाल असाच फुगतो. पहिल्या धुलाईत दोन्ही निघून जातात. म्हणून त्याच लॉटमधील फिनिश न लावलेला तुकडा प्रयोगशाळेला आवर्जून द्यावा, दोन्हींचा पीएच (आम्ल-अल्कलीचे प्रमाण) मोजून घ्यावा आणि तिन्ही वायूंचे आकडे स्वतंत्र मागावेत. केवळ अमोनियाचा आकडा दाखवून ‘दुर्गंध रोखते’ म्हणणे मला अजिबात पटत नाही.

निट_इचलकरंजी:
आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. धुलाईबाबत आणखी एक शंका आहे: ती कशी करायची, याबद्दल प्रयोगशाळेला काय लिहून द्यावे? शिवाय, तिन्ही वायूंत चांगली घट दिसली तर घालणाऱ्यालाही फरक जाणवेल, असे मानावे का?

उत्तर ३ (गुणवत्ता_तपासणी):
तसे खात्रीने मानता येत नाही. आयसोव्हॅलेरिक आम्ल अब्जात एक भाग असले तरी नाकाला कळते, त्यामुळे यंत्राने ९० टक्के घट दाखवली तरी उरलेला दहा टक्के वास पुरेसा उग्र असू शकतो. अमोनियाचा वास यायला त्यामानाने पुष्कळ अधिक प्रमाण लागते. म्हणूनच गंभीर दाव्यासाठी माणसांकडून वास तपासून घेतात. एकाच टी-शर्टाची एक काख फिनिशच्या कापडाची आणि दुसरी साध्या कापडाची शिवतात, डावी-उजवी बाजू निम्म्या लोकांत उलट ठेवतात आणि परिधानानंतर ते तुकडे कोणते कशाचे हे न सांगता प्रशिक्षित परीक्षकांकडून तीव्रतेचे गुण घेतात. कापडावर बसवलेल्या सुगंधाच्या अतिसूक्ष्म कुप्यांनी वास केवळ झाकला आहे का, हेही तेथेच उघड होते.

धुलाईसाठी आयएसओ ६३३० या घरगुती धुलाईच्या मानकातील नेमका कार्यक्रम, तापमान, डिटर्जंट आणि सुकवण्याची रीत मागणीपत्रात लिहून द्यावी, आणि सॉफ्टनर वापरू नये असेही नमूद करावे, कारण त्याचा थर कापडावर बसून निकाल बदलतो. शून्य आणि २० धुलाईच्या बरोबरीने ५ धुलाईनंतरचाही तुकडा तपासावा. चिकटून राहिलेले जादा रसायन साधारण तेवढ्यातच निघून जाते आणि फिनिश खरोखर किती टिकते ते त्यानंतरच्या आकड्यांवरून कळते. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) मान्यता आहे एवढे विचारून थांबू नये. त्या मान्यतेच्या व्याप्तीत आयएसओ १७२९९ चा नेमका आपल्याला हवा तो भाग आहे का, हे नमुना पाठवण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.